आठ पट्ट्या, दोन काठ

युनिव्हर्सिटीच्या भंगारातून नव्वद पौंडांना उचललेला सर्व्हर
टॅक्सीवाल्यानं दोन मजले चढवून दिला, वर विचारलं,
"आत कुणाचं प्रेत आहे का, बाई?"
दोन प्रोसेसर, सोळा कोअर,
आणि पंखे असे, की खालच्या मजल्यावरचे मिस्टर डफस
झाडूच्या दांड्यानं छत ठोकतात.

माझा बुद्धिबळाचा प्रोग्रॅम त्याच्यावर बसवला.
एकटा कोअर सेकंदाला अकरा लाख पट बघत होता.
सोळांना जुंपलं. पावणेदोन कोटी व्हायला हवे होते.
झाले सत्तर लाख.
नाव सोनूबाई.

आठवडाभर मी माझ्याच कोडवर संशय घेतला.
सगळ्यांची मिळून एकच वही आहे,
पाहिलेला पट तिच्यात नोंदायचा,
म्हणजे दुसऱ्यानं तोच पुन्हा उगाळू नये.
वहीला कुलूप नाही. कधी दोघं एकाच ओळीवर एकदम लिहितात,
अर्धी नोंद याची, अर्धी त्याची;
म्हणून शेजारी ताळा मांडायचा,
जुळला नाही तर नोंद टाकायची आणि पुढं जायचं.
रांग नाही, भांडण नाही.
तरी सत्तर लाख.

मंगळवारी क्लबात इशबेल रॅट्रेची वाट बघत होते.
ती न्यूपोर्टहून येते, टे नदीच्या पलीकडून.
त्या दिवशी पुलावर वारा, दुमजली बस बंद.
तिचं घड्याळ मी चालू केलं, नियम म्हणजे नियम.
आली तेव्हा तिच्याकडं एकवीस मिनिटं उरली होती,
आणि एकोणचाळिसाव्या खेळीला तिनं मला हरवलं.
मी तिच्या ओल्या कोटाकडं बघत बसले.
हिला विचार करायला वेळ लागत नाही.
वेळ यायला लागतो.

रात्री अकराला स्क्रू काढून झाकण उघडलं.
आधीच्या मालकानं मेमरीच्या आठही पट्ट्या
एकाच प्रोसेसरच्या बाजूला खोचलेल्या,
दुसऱ्याच्या खाचांत नुसती धूळ.
आठ कोअर घरबसल्या वाचत होते,
आठ प्रत्येक नोंदीसाठी पूल ओलांडून येत होते
आणि त्याच चार दारांशी गर्दी करत होते.
इथं घोडं पेंड खात होतं,
आणि मी ते पटावर शोधत होते.

चार पट्ट्या उपटून पलीकडं लावल्या.
अंगठ्यानं दाबलं की खिट्टी टक् करून बसते,
त्या आवाजाचा मला मोह आहे.
वही दोन्ही काठांवर आलटून-पालटून पसरली,
पानंही मोठी केली, अनुक्रमणिका कमी चाळावी लागावी म्हणून.
एक कोटी चाळीस लाख.
पावणेदोन नाहीच.
नदी काही बुजवता येत नाही.

हे दाखवायला इशबेलला घरी बोलावलं.
ती म्हणाली, डिसेंबरातला आपला डाव घाल,
तो बरोबरीत सुटलेला; कोण जिंकत होतं ते कळू दे.
कागद दोघींनीही ठेवला नव्हता.
ती म्हणते, एफ-पाचवर तिचा उंट होता.
मी म्हणते, माझा घोडा.
ती म्हणते, बरोबरी मी मागितली.
मला पक्कं आठवतंय, तिनं,
भावाचा दवाखान्यातून फोन आला म्हणून.
"फोन नंतर आला," ती म्हणाली. "घरी गेल्यावर."

ताळा जुळत नव्हता.
प्रोग्रॅमनं ही नोंद केव्हाच टाकली असती.
आम्ही माझा लाकडी पट काढला,
आठवेल तेवढं मांडलं,
आणि एफ-पाचच्या त्या एका घरात
उंट आणि घोडा दोन्ही उभे केले,
खांद्याला खांदा, जेमतेम मावले.
मशीनला हे कसं सांगायचं ते मला येईना.
खालून झाडू वाजला. पंखे चालूच.

शेवटची बस साडेदहाची.
वारा किती आहे ते बघायला
ती उठून खिडकीशी गेली.